माशांमधील गंधसंवेदनेची आनुवंशिकी

माशाला वास कोणत्या जनुकांमुळे कळतो आणि त्या वासावर तो कसा वागतो, याचा अभ्यास. माशाचे नाक श्वसनासाठी नसते. मासळीबाजारात शिंगाळ्याचे डोके न्याहाळले, तर डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंस छिद्रांची एकेक जोडी दिसते. पाणी पुढच्या छिद्रातून आत येते आणि मागच्या, पातळ झडप असलेल्या छिद्रातून बाहेर जाते. आतल्या पाकळीवजा घड्यांवरील चेतापेशींत गंधग्राही प्रथिने असतात.

या प्रथिनांची जनुके लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यात शोधली. १९९३ मध्ये ती अमेरिकी कॅटफिशमध्ये, म्हणजे शिंगाळ्याच्या दूरच्या भाऊबंदात, वर्णिली गेली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या गंधविषयक उत्परिवर्तनांवर त्याआधीच काम केले होते. मात्र कीटकांचे गंधग्राही वेगळ्याच प्रथिनकुलातले असल्याने माशीवरचे निष्कर्ष माशाला लावता येत नाहीत.

जनुकांच्या संख्येबाबत एकवाक्यता नाही. झेब्रा मासा या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशासाठी २००५ सालीच एका गणनेत १०२, तर दुसरीत १४३ कार्यक्षम जनुके आली. जनुकसंचाचे वाचन सुधारत गेले तशी नंतरची गणना मोठ्या आकड्याकडे झुकली. उंदरात ती हजाराच्या घरात आहेत. तरीही विविधता माशांतच अधिक. निइमुरा व नेई या संशोधकांच्या मते मासे आणि चतुष्पाद (बेडकापासून पक्षी व सस्तन प्राण्यांपर्यंतचे पृष्ठवंशी) यांच्या समाईक पूर्वजात किमान नऊ मूळ जनुके असावीत. त्यांपैकी आठांचे वंशज माशांत टिकले, सस्तन प्राणी व पक्ष्यांत दोनांचेच. गंधग्राही जनुकांचे दोन वर्ग मानले जातात. बेडकाच्या नाकातील पाण्याच्या कप्प्यात पहिल्या वर्गाची, तर हवेच्या कप्प्यात दुसऱ्या वर्गाची जनुके आढळल्याने, ‘पहिला वर्ग पाण्यातल्या वासांचा, दुसरा हवेतल्या’ अशी विभागणी १९९५ च्या सुमारास रूढ झाली. ती सोयीची असली, तरी उंदरात पहिल्या वर्गाची शंभरावर जनुके आहेत, हे तिच्यात नीट बसत नाही.

याखेरीज अमाइने, म्हणजे नायट्रोजनयुक्त सेंद्रिय द्रव्ये, ओळखणाऱ्या टीएएआर या ग्राहीकुलाची झेब्रा माशात ११२ जनुके आहेत, माणसात सहा. त्यांतील टीएएआर१३सी हा ग्राही कॅडाव्हरिन, म्हणजे सडक्या मासळीला उग्र वास देणारे एक द्रव्य, टिपतो (२०१३). झेब्रा मासा त्यापासून दूर पळतो. सोनमाशात मात्र अशाच द्रव्यांनी अन्नशोध सुरू होतो. तेव्हा एका जातीच्या वर्तनावरून सरसकट विधान करणे धोक्याचे. मिनो या छोट्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या जखमी कातडीतून सुटणाऱ्या द्रव्याने थवा बिथरतो, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये नोंदवले. सामन मासा जन्मनदीच्या वासाने परततो, हे गृहीतक हॅस्लर व विस्बी यांचे (१९५१).

ठाणे खाडीच्या चिखलात, भरती ओसरल्यावर उड्या मारणाऱ्या निवटीच्या गोतातील चार जातींचे जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत वाढलेली व्होमेरोनेझल ग्राहींची (सस्तन प्राण्यांत नाकातल्या एका वेगळ्या गंधेंद्रियात आढळणाऱ्या ग्राहींची) जनुके हवेतला वास घेण्यास उपयोगी पडत असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. ही जनुके वर सांगितलेल्या दोन्ही वर्गांबाहेरची आहेत.