सव्वाचारातून पावणेदोन

तासगावकडच्या घरात रानाचा हिशेब असा होतो. सव्वाचार एकर रान, त्यात पावणेदोन एकर द्राक्षबाग, मग शाळवाला किती उरलं? आजी कागद मागत नाही. ‘पावणेदोनाचे दोन व्हायला पाव, दोनाचे चार व्हायला दोन, वरचा पाव. अडीच.’ सहावीतला नातू तेच वहीत ४ १/४ − १ ३/४ असं मांडतो, पावातून पाऊण जात नाही म्हणून अडतो आणि शेवटी पाऊणमधूनच पाव वजा करून मोकळा होतो. उत्तर येतं साडेतीन. अख्खा एकर जास्त!

आजीची रीत अडाणी नाही, ती फार जुनी आहे. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. पावणे म्हणजे पादोन, पाव कमी. बेरीज-वजाबाकी शब्दांतच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त याचे दोन प्रकारच केले: भाग जोडला तर भागानुबंध, काढला तर भागापवाह. तिथलं उदाहरणही पावासह दोन आणि पाव कमी तीन, म्हणजे आपले सव्वादोन आणि पावणेतीन. तेव्हा पूर्णांक वर, त्याखाली अंश, त्याखाली छेद लिहीत. मधली आडवी रेघ नव्हती.

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मुलं तालावर घोकत. मापंही त्याला सोयीची होती. रुपयाचे १६ आणे, म्हणून पाव रुपया म्हणजे चार आणे. मणाचे ४० शेर, म्हणून पाव मण म्हणजे दहा शेर. अपूर्णांक मांडायची वेळच कमी यायची. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले आणि हे पाढे शाळेतून हळूहळू गेले. माझ्या मते ही मोठी हानी झाली, कारण पाठांतरासोबत शब्दांचा अर्थही गेला.

रानात मात्र जुनं माप टिकलं. एकराचे ४० गुंठे. नातवाला एवढंच सांगून बघा: सव्वाचार एकर म्हणजे १७० गुंठे, पावणेदोन म्हणजे ७०. उरले १००, म्हणजेच अडीच एकर. मग १७/४ − ७/४ = १०/४ ही ओळ त्याला आपोआप कळते; पाव एकर हा दहा गुंठ्यांचा तुकडा, असे सतरा तुकडे होते, सात गेले.

तोंडी रीत थांबते ती तृतीयांशापाशी. त्याला सव्वा-पावण्यांसारखा शब्द नाही. रुपयाचा तिसरा भाग पाच आणे चार पै, तोही आण्याच्या बारा पै असल्यामुळे नेमका निघायचा. सव्वाचारातून दोन तृतीयांश काढायचे तर छेद बारा करावाच लागतो: ५१/१२ − ८/१२ = ४३/१२, म्हणजे ३ ७/१२. पाटी-पेन्सिल घ्यायची ती इथून पुढे.