'मी फेसबुकला परवानगी देत नाही' वाली पोस्ट: खरं काय ते

दर वर्षा-दोन वर्षांनी ही पोस्ट परत उगवते, 'उद्यापासून नवा नियम, माझे फोटो वापरायची परवानगी मी फेसबुकला देत नाही, शेअर नको, कॉपी-पेस्ट करा'. २०१२ पासून फिरतेय ही, मग इन्स्टाग्रामवर आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'गुडबाय मेटा एआय' नावाने परत (मेटा म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी), तेव्हा तर मोठमोठ्या सेलिब्रिटींनीपण टाकली.

उपयोग शून्य. अकाउंट उघडताना आपण 'आय ॲग्री' दाबलं तोच करार, आणि तो एकट्याने भिंतीवर काहीतरी लिहून बदलत नाही. त्यात 'रोम स्टॅट्यूट'चा हवाला असतो ना, तो १९९८ चा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार आहे, म्हणजे नरसंहार, युद्धगुन्हे वगैरे, तुमच्या सेल्फीचा काय संबंध! (कोणी घुसडलं देव जाणे, पण भारदस्त वाटतं खरं.)

आता फोटोची मालकी. ती तुमचीच राहते, कंपनीच्या अटींतच तसं लिहिलंय. पण पोस्ट करताना तुम्ही तो वापरायचं लायसन्स देता आणि ते बरंच ऐसपैस असतं, खरी काळजी तिथे करायला हवी. ते थांबवायचं तर कंटेंट डिलीट करा. बाकी सेटिंग्जमध्ये जाऊन पोस्टचा ऑडियन्स कमी करा, बाहेरच्या साइट्स-ॲप्सकडून फेसबुककडे जाणारी तुमची ॲक्टिव्हिटी अकाउंटपासून तोडा. तुमच्या पोस्ट वापरून एआयला शिकवण्याला (एआय ट्रेनिंग) हरकत घ्यायचा फॉर्म युरोपात मिळतो, कारण तिथे जीडीपीआर हा लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, पोस्टमुळे नाही.