नवा टर्बो बसवला, तरी पुन्हा का गेला?
(ट्रकमालक आणि ड्रायव्हर मंडळींसाठी)

टर्बो बदलून गेलेली गाडी काही महिन्यांनी पुन्हा आमच्या गॅरेजच्या दारात उभी राहते आणि मालकांचा पहिला सवाल असतो, "माल डुप्लिकेट होता का?" दर वेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा छापून ठेवलं. मालकांनी वाचून हा कागद ड्रायव्हरकडे द्यावा. स्टेअरिंग त्याच्या हातात असतं.

टर्बो धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबतो, हे तुम्हाला माहीत आहे. एवढंच ध्यानात घ्या, की लोडवर असताना त्याचा शाफ्ट मिनिटाला १ लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एका टोकाला ६०० डिग्रीच्या घरातला धूर असतो. ऑइलच त्याला वंगण देतं आणि ऑइलच त्याची गरमी काढून नेतं.

आता सोलापूर-धुळे रोडवर बघा. बीडकडून भरलेली गाडी मांजरसुंब्याचा घाट खालच्या गिअरमध्ये ओढत वर येते. चहा-रबडीचं हॉटेल दिसलं, की गाडी बाजूला, हँडब्रेक आणि लगेच इंजिन बंद. काही जण बंद करताना वरून एक रेस मारतात. ही पद्धत कुणी काढली देव जाणे, पण टर्बोला याहून वाईट काही नाही. इंजिन थांबलं की ऑइल पंप त्याच क्षणी थांबतो, टर्बोचं चाक मात्र अजून फिरत असतं. टर्बोचं बाहेरचं लालबुंद कवच आपली गरमी आत बेअरिंगकडे सोडतं. तिथं अडकलेलं ऑइल करपून तव्यावर बसतं तसा काळा थर धरतं. हा थर शाफ्ट घासतो, ऑइल परत जाण्याची वाट अरुंद करतो. त्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून ड्रायव्हरला पटत नाही. पुढे गाडीचा पिकअप पडतो, शिट्टीचा आवाज बदलतो, निळा धूर येतो, तेव्हा तो घाट कुणाला आठवत नाही.

उपाय फुकटचा आहे. घाट किंवा भरलेली दौड संपली, की इंजिन ३ ते ५ मिनिटं स्लोवर चालू ठेवा, रेस न देता. शेवटचे दोन-चार किलोमीटर सावकाश आला असाल तर १ मिनिट पुरे. "डिझेल जळतं" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: स्लोवर तासाला २ ते अडीच लिटर धरलं तरी ३ मिनिटांत १००-१२५ मिली. सकाळी चालू करतानाही तसंच. ऑइल वर पोचेपर्यंत थोडा दम धरा, मग रेस द्या.

पण म्हणून तासन्‌तास स्लोवर ठेवू नका. कारखान्यावर उसाच्या नंबरात काही गाड्या रात्रभर चालूच असतात. स्लोवर टर्बोच्या आत हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे ऑइल रिंगमधून बाहेर झिरपतं. होज पाइपात ओल दिसली, की लोक "सील गेली" म्हणून टर्बो उतरवतात. बऱ्याचदा तो चांगला असतो. तपासून तसं सांगतो आणि परत पाठवतो.

धुळीचं थोडक्यात. एअर फिल्टर टायरवर आपटून झटकू नका, कागद फाटतो. होज पाइपाचा क्लॅम्प ढिला असला, की आपल्या रस्त्यांची धूळ फिल्टर चुकवून थेट पात्यांवर जाते आणि पाती झिजून ब्लेडसारखी पातळ होतात. कापसाच्या गाड्यांनी इंटरकूलरवर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीवर) चिकटलेली सरकी-रुई काढत जावी.

आता आमच्या पद्धतीबद्दल. "समोरचा दोन तासांत बसवतो, तुम्ही अर्धा दिवस का लावता?" कारण आम्ही ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय, ऑइलचे दोन्ही पाइप उघडून साफ केल्याशिवाय नवा टर्बो लावत नाही. फ्लँजला, म्हणजे पाइपाच्या जोडाला, सिलिकॉन पेस्ट लावत नाही. तिचा तुकडा सुटून ऑइलच्या छिद्रात बसला, की नवा टर्बो पहिल्याच फेरीत सुकतो. चालू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल भरतो. जुन्याचं मरण कशानं आलं हे कळल्याशिवाय नवा लावला, तर तोही त्याच वाटेनं जातो, आणि मग वेळ तुमचाही जातो, आमचाही. गॅरंटीसाठी ऑइल बदलायची अट आहे ती यासाठीच.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीवाल्यांनी जास्त जपावं. टर्बोनं ऑइल टाकलं की ते सायलेन्सरकडच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) जातं, आणि तो खर्च टर्बोपेक्षा मोठा निघू शकतो. ऑइलही कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. आमच्याकडे ते मिळतं, पण दुसरीकडून घेतलंत तरी चालेल, फक्त बिल ठेवा.

शक्यतो गाडीच घेऊन या. नुसता टर्बो पोत्यात घालून आणणार असाल, तर तो डिझेलनं धुऊ नका. आतली काजळी, ऑइलचा रंग, पात्यांवरचे ओरखडे बघूनच आम्हाला कारण सांगता येतं. जुना कोअर (टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगचा आतला भाग) तुमच्यासमोर उघडून दाखवतो, त्याचे पैसे लागत नाहीत.