काशीला निघण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

विश्वनाथाचे दर्शन, गंगास्नान, संध्याकाळची आरती आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी, असा काशीचा बेत बहुतेक घरांत ठरतो. आमची विनंती आहे की दर्शनानंतर आणखी दोन दिवस ठेवा. आमची काशी सहल चार मुक्कामांची आहे ती याचसाठी.

पहिली सकाळ नावेत घालवा. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर असून त्यांची तोंडे पूर्वेला आहेत, त्यामुळे उगवतीचे ऊन थेट पायऱ्यांवर पडते. छोट्या फेऱ्या मणिकर्णिकेपाशी वळतात. नावाड्याला तसेच पुढे न्यायला सांगा. सिंदिया घाटाच्या पायथ्याशी कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर दिसेल आणि थोड्याच अंतरावर भोसला घाट. तो आपल्या नागपूरकर भोसल्यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस बांधला. वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. दशाश्वमेधच्या दक्षिणेकडचा मुन्शी घाटही नागपूर दरबारच्या श्रीधर नारायण मुन्शींचा. विश्वनाथाचे आजचे मंदिर 1780 मध्ये अहिल्याबाई होळकरांनी उभारले, हे अनेकांना ठाऊक असते. पण नागपूरच्या माणसाने भोसला घाट न पाहता परत यावे, हे आम्हांला पटत नाही.

त्याच बाजूला पुढे बालाजी घाट लागतो. इथल्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. बनारस घराण्याचा तबला ज्या गल्ल्यांत घडला, तो कबीर चौराही पायी फिरून पाहण्यासारखा आहे. गाण्याची आवड असेल तर हनुमान जयंतीच्या सुमाराचा संकटमोचन संगीत समारोह धरून तारीख निवडा. मंदिराच्या आवारात रात्र-रात्र मैफली चालतात, तिकीट नसते.

आता साडीबद्दल, कारण सर्वांत जास्त प्रश्न त्याचेच येतात. मदनपुरा, पिलीकोठी भागात अजून हातमाग चालतात. माग खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर काठावर बसून पाय खाली सोडतो आणि पावड्या दाबतो. कढुवा विणीत प्रत्येक बुट्टा वेगळ्या छोट्या काडीने भरतात. बुट्टा संपला की त्याचा धागाही तिथेच संपतो. फेकवा विणीत जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि मधला मोकळा भाग नंतर कातरतात. म्हणून साडी आधी उलटी करा. कढुव्याची मागची बाजू स्वच्छ असते. फेकव्यात बुट्ट्याच्या कडेला कापलेल्या धाग्यांची बारीक टोके बोटाला लागतात. फेकवा म्हणजे फसवणूक नव्हे, तीही चांगली साडी असते. मात्र तिला कढुव्याचा भाव देऊ नका. कढुव्याला वेळ फार लागतो, भरगच्च नक्षीच्या साडीला काही महिनेही, आणि तिची किंमत त्या मेहनतीची असते. तिथे घासाघीस करताना थोडे हात राखावे, असे आम्हांला मनापासून वाटते. बनारसी साडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमचा माणूस तुम्हांला मागावर नेईल. तो कोणत्याही दुकानाकडून कमिशन घेत नाही. रस्त्यात 'चला, कारखाना दाखवतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसामागे जाऊ नका.

चांदीवरची गुलाबी मीनाकारी आणि लाकडी खेळणीही इथलीच.

हिंदू विद्यापीठाच्या आवारातल्या भारत कला भवनाला अर्धा दिवस द्या, तिथली लघुचित्रे घाईने बघायची नाहीत. सारनाथ शहरापासून सुमारे 10 किलोमीटरवर आहे. दीक्षाभूमीच्या गावातून येणाऱ्यांना धामेक स्तूपाची ओढ असतेच. शेजारच्या संग्रहालयातला अशोकाचा सिंहशीर्षही जवळून पाहा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून सारनाथ आम्ही त्या दिवशी ठेवत नाही.

कार्तिक ते फाल्गुन हा काळ चांगला. पावसाळ्यात पाणी चढले की घाटांच्या पायऱ्या बुडतात आणि नावा थांबतात. पौष-माघात धुक्यामुळे गाड्यांना उशीर होतो. गाडी थेट बनारसची नसेल तर दीनदयाळ उपाध्याय, म्हणजे जुन्या मुघलसराय स्टेशनवर उतरवून आम्ही गाडीने शहरात नेतो. विश्वनाथ मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. घाटांच्या पायऱ्या उंच आहेत. घरच्या ज्येष्ठांना गुडघ्यांचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच सांगा, म्हणजे गोदौलियाजवळची, चालणे कमी पडेल अशी खोली त्यांच्यासाठी ठेवता येते.