दाखला पिल्लाचा, तपासणी आईची

एक दिवसाचे पिल्लू हातात घेऊन अनुभवी पशुवैद्यकाने कितीही उलटसुलट पाहिले, तरी त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. डोळे तरतरीत आहेत, नाभी नीट मिटली आहे, पाय धड आहेत, चिवचिवाट जोरात आहे, एवढेच कळते. रक्त तपासावे, तर त्यातली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, पिल्लाची नसतात. ती बलकातून उतरलेली आईची असतात. अंड्याचे काम तर याहून अवघड, कारण कवचाच्या आत काय चालले आहे ते बाहेरून दिसतच नाही. तरीही देशाबाहेर जाणाऱ्या पिल्लांच्या आणि उबवणुकीच्या अंड्यांच्या खेपेबरोबर सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचे आरोग्य प्रमाणपत्र जावेच लागते. तो कागद नीट वाचला, तर पिल्लाविषयी त्यात जेमतेम दोन-तीन ओळी सापडतात. बाकीचा मजकूर असतो तो त्याच्या आईच्या कळपाविषयी, हॅचरीविषयी (जिथे अंडी यंत्रात उबवतात त्या केंद्राविषयी) आणि भोवतालच्या मुलखाविषयी. कागदाला हे रूप यायला शंभरेक वर्षे लागली आणि त्या काळात अतोनात पक्षी मेले.

हा व्यापार मुळात उभा आहे तो पिल्लाच्या शरीरातल्या एका सोयीवर. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दाणापाण्यावाचून दोन-तीन दिवस तग धरते. खुडूक कोंबडीखालची सगळी पिल्ले एकाच वेळी बाहेर येत नाहीत. आधी आलेल्यांना मागून येणाऱ्यांसाठी थांबता यावे, म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. माणसाने तिचा उपयोग प्रवासासाठी केला. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एका हॅचरीने पिल्ले रेल्वेने शिकागोपर्यंत पाठवली. १९१८ पासून अमेरिकी टपाल खात्याने पिल्लांच्या पेट्या रीतसर स्वीकारायला सुरुवात केली. आजही आंतरराष्ट्रीय नियमांत ‘एकदिवसीय पक्षी’ म्हणजे जन्मून ७२ तासांहून अधिक काळ न झालेला पक्षी. नावात एक दिवस आणि व्याख्येत तीन, हे आधी विचित्र वाटते. पण तो आकडा पोटातल्या बलकाने ठरवून दिला आहे.

त्या पेटीतून दुसरेही काही प्रवास करत होते. १९०० च्या सुमारास लिओ रेटगर या अमेरिकी जीवाणूतज्ज्ञाने कोवळ्या पिल्लांना मारणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. पिल्ले पेंगतात, गोळा होऊन बसतात, शेपटीखाली पांढरी हगवण चिकटते आणि दोन-तीन आठवड्यांत पटापट मरतात. या रोगाला पुढे पुलोरम हे नाव रूढ झाले. रेटगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहाएक वर्षांत त्याचे मूळही शोधून काढले. लहानपणी या आजारातून वाचलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते, अंडीही घालते, पण जंतू तिच्या अंडाशयात मुक्काम करून असतो. तो थेट बलकात शिरतो आणि आईचा रोग मुलीला जन्माआधीच मिळतो.

पिल्लांच्या आरोग्यदाखल्याची खरी सुरुवात मला या शोधात दिसते, एखाद्या परिषदेत किंवा कायद्यात नाही. पिल्लू तपासून उपयोग नाही, आई तपासली पाहिजे, हे इथे पहिल्यांदा पुराव्यानिशी सांगितले गेले. त्याची निकडही मोठी होती. खुडूक कोंबडीखाली डझनभर अंडी असतात. त्यातले एक सडके निघाले, तर नुकसान तेवढ्यापुरतेच. उबवणी यंत्रात हजारो अंडी एकत्र असतात. तिथे एका रोगट पिल्लाचा वाळलेला कोवळा पिसारा पंख्याच्या हवेबरोबर सगळ्या खणांतून फिरतो. अमेरिकेत पुलोरममुळे कोवळ्या पिल्लांतली मरतुक काही ठिकाणी ८० टक्क्यांपर्यंत जात असे.

आई तपासायची कशी, याचे उत्तर आधी प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत मिळाले आणि १९३० च्या सुमारास ते थेट खुराड्यापर्यंत आले. कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, पांढऱ्या तबकडीवर जांभळ्या प्रतिजन द्रावणाच्या (रंगवलेले मृत जंतू असलेल्या द्रावणाच्या) थेंबात मिसळायचा आणि तबकडी हलवत मिनिट-दोन मिनिटे पाहायचे. गुठळ्या धरल्या, तर ती कोंबडी कळपातून बाहेर. इतकी साधी, स्वस्त आणि जागच्या जागी करता येणारी चाचणी हाती आल्यामुळेच १९३५ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना उभी राहू शकली. राज्ये, केंद्र आणि व्यावसायिक यांनी मिळून चालवलेली ही योजना ऐच्छिक होती. ‘पुलोरममुक्त कळप’ हे बिरुद मिळवायचे, तर पैदासीचे पक्षी तपासावे लागत. पिल्ले घेणारा ते बिरुद मागू लागला आणि न तपासणाऱ्या हॅचरीचा माल मागे पडू लागला. कळपाची वर्गवारी आधी आणि निर्यातीचा दाखला तिच्या आधाराने, ही घडी तिथून बसली. पुढे टायफॉइड (कोंबड्यांचा, माणसांचा नव्हे) आणि श्वसनाचे जुने दुखणे लावणारा मायकोप्लाझ्मा हेही त्याच चौकटीत आले, कारण हे दोन्ही रोगही अंड्यातून उतरतात.

देशादेशांमधले नियम मात्र निराळ्या वाटेने आले आणि त्यांची सुरुवात कोंबड्यांपासून झालीच नाही. १८६३ मध्ये जॉन गॅम्जी या ब्रिटिश पशुवैद्यकाच्या पुढाकाराने हॅम्बुर्गला पशुवैद्यकांची पहिली आंतरराष्ट्रीय सभा भरली, ती युरोपभर पसरलेल्या गुरांच्या बुळकांडीच्या धसक्याने. १९२० मध्ये भारतीय उपखंडातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बुळकांडीने तिथे पुन्हा हाहाकार उडवला. ती गुरे त्या देशात विकायलाही आणली नव्हती, नुसती तिथून जात होती. पुढच्याच वर्षी पॅरिसला परिषद झाली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी सह्या करून आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालय स्थापन केले. ओआयई या आद्याक्षरांनी ते ओळखले जाई. २०२२ पासून ते जागतिक पशुआरोग्य संघटना या नावाने वावरते. आपल्याकडे रोग आहे हे दुसऱ्याला वेळेवर कळवणे, हा या संस्थेचा मूळ गाभा. दाखल्यातली ‘देश अमुक रोगापासून मुक्त आहे’ ही ओळ या कळवण्यावरच उभी असते. कळवलेच नाही, तर त्या ओळीला काडीची किंमत राहत नाही.

संस्था स्थापन होऊन दोन वर्षे होतात न होतात, तोच कोंबड्यांच्या बाबतीतही ही गरज दिसून आली. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ एक नवा प्राणघातक रोग आढळला. त्याच सुमारास कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत इथे तो सापडला आणि आपण त्याला त्याच नावाने ओळखू लागलो. मराठीत त्याला मानमोडी म्हणतात, कारण जगलेल्या पक्ष्याची मान पिळवटून राहते. युरोपात त्याआधीपासून ‘फाउल प्लेग’ माहीत होता. १९०१ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या कोंबड्यांच्या प्रदर्शनातून परतलेल्या पक्ष्यांनी तो आसपासच्या मुलखात नेला होता. तो इन्फ्लुएन्झाचाच विषाणू आहे, हे कळायला १९५५ उजाडावे लागले. आज त्यालाच आपण बर्ड फ्लू म्हणतो.

या दोन रोगांची रीत पुलोरमपेक्षा वेगळी होती. ते आईच्या अंडाशयात वर्षानुवर्षे दडून राहत नाहीत. ते कवचावरच्या विष्ठेतून, पेटीतून, ट्रेमधून, माणसाच्या बुटातून जातात आणि चार दिवसांत सगळा परिसर पेटवतात. त्यामुळे एकट्या आईचा जबाब पुरेनासा झाला. कळपाभोवती ठराविक अंतरात उद्रेक नाही, अंडी काढल्यावर लवकरात लवकर कवचाचे निर्जंतुकीकरण केले, पेट्या नव्या कोऱ्या किंवा निर्जंतुक केलेल्या आहेत, गाडी धुतली आहे, अशी कलमे दाखल्यात शिरली. हॅचरी चालवणाऱ्यांना ही कलमे कटकटीची वाटतात, हे मी समजू शकतो. पण त्यांतले एकही कलम कुणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेले नाही.

सगळ्यात अस्वस्थ करणारे प्रकरण घडले १९७० च्या दशकात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९७६ मध्ये असे कळप नोंदवले, ज्यांतल्या कोंबड्या दिसायला निरोगी होत्या, पण ऐन भरात अंडी एकदम कमी झाली आणि जी आली ती मऊ कवचाची किंवा बिनकवचाची. कारण निघाले बदकांमधला एक अॅडेनोविषाणू. बदकाच्या भ्रूणपेशींवर वाढवलेल्या लसीतून तो कोंबड्यांत शिरला असावा, असे मानले जाते. ‘एग ड्रॉप सिंड्रोम ७६’ या नावाने ओळखला जाणारा हा विषाणू अंड्यातून पिल्लात उतरतो आणि मग महिनोन्‌महिने गप्प बसतो. पुष्कळदा त्या काळात रक्ततपासणीतही काही दिसत नाही. पिल्लाची तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, होते, अंड्यावर येते आणि तेव्हा तो जागा होतो. म्हणजे आयात करणाऱ्याने सहा आठवडे वेगळे ठेवून पाहिले, तरी हाती काही लागणार नाही. अशा रोगापुढे मूळ कळपाच्या नोंदींशिवाय दुसरा आधारच नाही. विलगीकरणावर फार विसंबून राहू नये, असे मी म्हणतो ते याच उदाहरणामुळे.

नियम एकसारखे करण्याचे काम हळूहळू झाले. ओआयईची पशुआरोग्य संहिता १९६८ मध्ये पहिल्यांदा निघाली. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये केवळ कोंबडीवर्गीय पक्षी आणि उबवणुकीची अंडी यांच्यासाठी स्वतंत्र निर्देश काढला आणि हॅचरीची मान्यता, रोगनिगराणी आणि दाखल्याचा नमुना एका जागी आणला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या स्वच्छताविषयक कराराने ओआयईची संहिता प्रमाण मानली. आयात करणाऱ्या देशाला त्याहून कडक अट घालायची असेल, तर शास्त्रीय कारण द्यावे लागेल, असे ठरले. कोंबडीला काही होत नाही पण माणूस आजारी पडतो, असे साल्मोनेला या जंतूचे प्रकारही, अंड्यांतून माणसांना होणाऱ्या लागणीवरून १९८० च्या दशकात उठलेल्या गदारोळानंतर, पैदासीच्या कळपांच्या तपासणीत आले. युरोपात आज असे पाच प्रकार नावानिशी पाहिले जातात: एन्टेरिटिडिस, टायफिम्युरियम, इन्फँटिस, व्हिर्चो आणि हडार.

मग आला एच५एन१, बर्ड फ्लूचा एक प्रकार. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली आणि तिथल्या सगळ्या कोंबड्या मारल्या गेल्या. २००३ च्या अखेरीपासून तो आशियाभर आणि पुढे युरोप-आफ्रिकेत पसरला. ‘देश मुक्त आहे’ हे वाक्य लिहिणे आता अनेकांना वर्षातले काही महिनेच शक्य होऊ लागले. रानपक्ष्यांना सीमा नसते. देशाच्या एका टोकाला मेलेल्या बदकांपायी दुसऱ्या टोकाची, हजार किलोमीटरवरची हॅचरी बंद व्हायची.

याची झळ कुठवर पोचते, ते कळायला पैदासीची उतरंड लक्षात घ्यावी लागते. वर मोजक्या कंपन्यांकडच्या मूळ जाती, त्यांच्याखाली पणजी, आजी आणि आई पिढी, आणि तळाला बाजारात येणारी कोंबडी. सीमा ओलांडतात ती बहुतेक आजी आणि आई पिढीची पिल्ले, आणि अशा एका पिल्लामागे खाली हजारो पक्षी उभे असतात. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेत बर्ड फ्लू आढळल्यावर चीनने तिथून येणारे पक्षी आणि अंडी सरसकट थांबवली. चीनची मांसल कोंबडीची आजी पिढी तोवर मुख्यतः तिथूनच येत होती. बंदी २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकली. चीनने दरम्यान स्वतःच्या जाती विकसित करण्यावर भर दिला आणि २०२१ च्या अखेरीस तीन जातींना मान्यता दिली.

अशा सरसकट बंदीला पर्याय म्हणून दोन कल्पना संहितेत आल्या. पहिली क्षेत्राची: देशाचा बाधित भाग नकाशावर वेगळा काढायचा आणि उरलेला खुला ठेवायचा. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते, ती कप्प्याची. कप्पा नकाशावर नसतो, तो व्यवस्थापनात असतो. एकाच जैवसुरक्षेखाली, म्हणजे रोग आत येऊ न देण्याच्या एकाच शिस्तीखाली, चालणारी शेते, हॅचरी, खाद्य कारखाना आणि वाहने यांचा एक बंद संच करायचा, त्याची सरकारी तपासणी ठेवायची आणि बाहेर उद्रेक झाला तरी आतली पिल्ले निर्यातयोग्य मानायची. थायलंड आणि ब्रिटन यांनी हे लवकर अंगीकारले. अडचण एवढीच, की निर्यात करणाऱ्याने कप्पा मान्य केला म्हणून आयात करणारा तो मानेलच असे नाही. दोन सरकारांत आधीपासून विश्वास नसेल, तर ऐन उद्रेकात तो निर्माण होत नाही.

हा विश्वास शेवटी एका सहीवर येऊन ठेपतो, म्हणून सहीचेही नियम आहेत. सही करणाऱ्या पशुवैद्यकाचे त्या मालात आर्थिक हितसंबंध नसावेत. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या नमुन्यावर त्याने सही करू नये. जे त्याला स्वतःला माहीत नाही किंवा ज्याचा अधिकृत पुरावा त्याच्यापुढे नाही, ते त्याने प्रमाणित करू नये. वाचायला सोपे आहे. पण पहाटे तीनला पिल्ले पेटीत भरली गेली आहेत, विमान सातला आहे आणि एका कळपाचा प्रयोगशाळेचा अहवाल अजून आलेला नाही, अशा वेळी ते पाळायला फार धैर्य लागते. उबवणुकीची अंडी थंड खोलीत काही दिवस थांबू शकतात, पिल्लांना तेवढा वेळ नसतो. अंडी यंत्रात ठेवली त्याच दिवशी २१ दिवसांनंतरची तारीख ठरून गेलेली असते.

दाखल्यातली सगळ्यात नवी वादाची ओळ लसीची आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून फ्रान्सने बदकांना बर्ड फ्लूची लस द्यायला सुरुवात केली आणि अमेरिकेने लगेच तिथल्या कुक्कुटमालावर निर्बंध घातले. भीती जुनीच होती. लस घेतलेला पक्षी आजारी दिसत नाही, पण विषाणू बाळगू शकतो. वरून ठणठणीत, आतून वाहक, ही रेटगर यांच्या कोंबडीचीच गोष्ट. उत्तरही त्याच वळणाचे निघाले: लस दिलेल्या कळपांत नियमित नमुने घ्यायचे, मेलेले पक्षी तपासायचे, लसीची प्रतिपिंडे आणि खऱ्या लागणीची प्रतिपिंडे वेगळी ओळखणाऱ्या चाचण्या करायच्या आणि हे सगळे दाखल्याला जोडायचे. कोणत्या देशाने त्यातले किती मान्य करायचे, यावर वाटाघाटी चालू आहेत.