पार्श्वभूमी : ‘लो-नॉइज’ डिटेक्टर, पण कोणाचा नॉइज कमी?

पवईत क्वांटम सेन्सिंगचं राष्ट्रीय केंद्र ठरल्यापासून खाडीच्या अलीकडे, रबाळे-महापे पट्ट्यातही होमोडाइन डिटेक्टरच्या (क्षीण प्रकाश एका प्रखर लेझर किरणात मिसळून मोजणाऱ्या यंत्राच्या) बोर्डांबद्दल विचारणा होते. पहिली मागणी ठरलेली : ‘लो-नॉइज’ हवा. या शब्दानेच खूप घोटाळा केलाय.

व्हॅक्यूम ट्यूबच्या प्रवाहातली खरखर इलेक्ट्रॉन सुटेसुटे येण्यामुळे असते, हे १९१८ मध्ये मांडलं गेलं. तोच शॉट नॉइज. प्रकाशाचा विद्युतप्रवाह करणाऱ्या फोटोडायोडमध्येही तो दिसला आणि बराच काळ डिटेक्टरच्या खात्यावर पडला. १९८३ मध्ये होमोडाइनच्या दोन डायोडचे प्रवाह एकमेकांतून वजा करण्याची रीत पुढे आली आणि हिशेब फिरला. लोकल ऑसिलेटरचा, म्हणजे त्या प्रखर किरणाचा, स्वतःचा नॉइज वजाबाकीत जातो. उरते ती बीमस्प्लिटरच्या (किरण मिसळून दोन डायोडांकडे वाटणाऱ्या काचेच्या) दुसऱ्या तोंडातून येणाऱ्या प्रकाशाची चलबिचल. तिथून काहीच सोडलं नसेल, तर निर्वाताची. म्हणजे हा नॉइज घालवायचा नाही, मोजायचा आहे. १९८५ मध्ये स्क्वीझ्ड (चलबिचल दाबलेला) प्रकाश ओळखू आला, तो नॉइज या पातळीखाली उतरल्यामुळेच.

कमी हवा तो फक्त इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज. या दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे क्लिअरन्स. तो १० डेसिबल असेल, तर १० टक्के प्रकाश वाया गेल्यासारखं होतं. २० असेल, तर १ टक्का. डेटाशीटवर नुसतं ‘शॉट-नॉइज लिमिटेड’ लिहिलेलं असतं. किती मिलिवॉटला आणि कोणत्या फ्रीक्वेन्सीला, हे दिल्याशिवाय ते छापूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला मोजायचे, तेव्हा हे निभावलं. पल्स्ड लेझरने ते मोडलं. ८० मेगाहर्ट्झला दोन पल्समध्ये १२.५ नॅनोसेकंद मिळतात. प्रत्येक पल्स वेगळी मोजायची, तर १०० मेगाहर्ट्झपर्यंत सपाट प्रतिसाद लागतो.

खरी अडचण कपॅसिटन्सची, म्हणजे डायोड आणि जोडण्यांच्या विद्युतभार साठवण्याच्या गुणाची. १ मिलिअँपिअरचा शॉट नॉइज दर रूट हर्ट्झला १८ पिकोअँपिअर, अ‍ॅम्प्लिफायरच्या ४ किलोओमच्या फीडबॅक रेझिस्टरचा थर्मल (उष्णतेमुळे येणारा) नॉइज २. क्लिअरन्स १९ डेसिबल. पण ऑप-अँपचा (अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपचा) दर रूट हर्ट्झला १ नॅनोव्होल्ट नॉइज १० पिकोफॅरडवर पडला, की १०० मेगाहर्ट्झला आणखी सहा पिकोअँपिअर येतात, आणि क्लिअरन्स नवावर घसरतो. २०२१ च्या सुमारास डायोड आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या चिप शेजारीशेजारी जोडून बँडविड्थ १ गिगाहर्ट्झच्या पुढे नेली गेली, ती मुख्यतः हा कपॅसिटन्स घटवूनच. साध्या बोर्डावरही ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग पिनखालचं ग्राउंडचं तांबं काढून टाकायला सांगतात, ते याचसाठी.