पुळणीवरची नोटीस: पन्नास रुपयांपासून दहा हजारांपर्यंत

समुद्राकाठची पुळण कुणाची, हा प्रश्न कागदावर फार पूर्वी सुटला आहे. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने भरतीरेषेखालचा समुद्र आणि खाड्यांचा तळ सरकारचा ठरवला. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २०ने तेच पुढे चालवलं. गावात मात्र वहिवाट चालायची. होड्या ओढायला, जाळी पसरायला, मासळी सुकवायला कुणी कधी अर्ज केला नव्हता. शिवाय रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत जमिनीचं काही असलं की लोक खोताकडे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराकडे, जात. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. सरकार हाच आता मालक, हे अंगवळणी पडायला वेळ लागणारच होता.

म्हणून तहसीलची नोटीस आली की ती वळचणीला खोचून ठेवायची, ही सवय जुनी आहे. आणि खरं सांगायचं तर कायद्यानेच ती लावली. संहितेच्या कलम ५०नुसार सरकारी जमिनीवरचं, किनाऱ्यावरचंही, अतिक्रमण हटवण्याचा खर्च आणि जितकी वर्षं जागा वापरली तितक्या वर्षांचा आकार (जमिनीचा सारा) अतिक्रमण करणाऱ्याकडून वसूल होतो. पण मुदत उलटून गेल्यावरचा दंड मूळ संहितेत होता शेतीसाठी दिवसाला फार तर २५ रुपये, इतर वापरासाठी ५०. पर्यटकांच्या हंगामात एका टपरीचा चहाचा गल्लाच याच्या कितीतरी पट होतो! खरी धार कलम ५४मध्ये आहे: लेखी नोटिशीनंतरही बांधकाम वा पीक काढलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं.

‘मी नोटीस घेतलीच नाही’ हा बचावही चालत नाही. घ्यायला नकार दिला तर ती दारावर चिकटवून पंचांसमोर पंचनामा होतो, आणि बजावणी झाली असं धरतात.

१९९१च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने चित्र बदललं. आता भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत स्वतःच्या सातबाऱ्यावरची जागाही निर्बंधांखाली आली. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पर्यटक वाढले, आणि मांगराच्या (वाडीतल्या साध्या खोपटाच्या) जागी लॉज उभे राहू लागले. मार्च २०१९मध्ये रायगड जिल्हा प्रशासनाने किहीमचा, फरार हिरे व्यापारी नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला, ते दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. सीआरझेड ज्याखाली येतं त्या पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद होती, पण दंडाची कमाल एक लाखच. १ एप्रिल २०२४पासून कैदेऐवजी १० हजार ते १५ लाखांचा दंड आला, आणि उल्लंघन चालू ठेवलं तर दिवसाला आणखी १० हजार.

गावच्या राजकारणात मात्र सगळ्यात जास्त भीती वेगळ्याच कलमाची. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४(१)(ज-३)नुसार सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याचं सदस्यत्व जातं. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. सासऱ्याने-नवऱ्याने केलेल्या अतिक्रमणातच राहणारी सदस्यही त्यातून सुटली नाही. त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर गावातल्या जुन्या नोटिसा विरोधकच शोधून काढतात, तलाठ्याला त्रास घ्यावा लागत नाही.

तहसीलदाराच्या आदेशावर अपील करायला ६० दिवस मिळतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ९०. वळचणीला खोचलेल्या कागदामागून येणाऱ्या आदेशाचे दिवसही असेच मोजले जातात.